तक्त्यातला एडका

बालवाडीच्या भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता आपण सगळ्यांनी पाठ केलेला असतो, पण चित्र म्हणून तो कुणी बघत नाही. अननसाशेजारी आई, आईशेजारी इजार, इजारीला लागून ईडलिंबू. खाली कुठेतरी तलवार आणि तिला चिकटून थडगं. बदकाच्या पलीकडे भटजी. ही सगळी मंडळी एकाच कागदावर वर्षानुवर्षं राहतात आणि एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आपणही पाहत नाही. अ म्हणजे अननस, झालं, पुढचं अक्षर.

अरुण कोलटकरांनी पाहिलं. 'तक्ता' नावाची त्यांची एक छोटी कविता आहे. मराठीतली ती सगळ्यात खोडकर कविता आहे असं मी कुणालाही सांगेन, आणि तिच्याइतकी गंभीर कविताही मला पटकन आठवत नाही.

सुरुवातीला ती फार शहाण्यासारखी वागते. तक्त्यातल्या चित्रांची नावं ओळीने घेते आणि थोड्या थोड्या वेळाने आपल्याला खात्री देते की सगळं ठीक आहे. सगळे आपापल्या चौकोनात आहेत, जागा ठरलेल्या आहेत, कुणाचा कुणाला उपद्रव नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचावा तसा हा सूर आहे. ऐरण, ओणवा, औषध, कप, खटारा, गणपती, सगळे हजर. ऐकणाऱ्याची मान हळूहळू डोलायला लागते.

मग कविता आश्वासनं देत देत जरा पुढे जाते. म्हणते, ही आई काही बाळाला उखळात घालणार नाही. आता, हे आपल्या मनातसुद्धा नव्हतं. पुढे म्हणते, भटजी बदकाला लसणाची फोडणी देणार नाही. जहाज टरबुजावर आपटून फुटणार नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'नाही' आहे, आणि त्या 'नाही'च्या आत एकेक भयंकर, हास्यास्पद प्रसंग घडून जातो. फोडणीचा चुर्र आवाज आपल्याला ऐकू येतो, टरबुजाचा लाल गर समुद्रावर पसरलेला दिसतो. कवितेत काहीही होत नाही आणि सगळं होऊन जातं. मला ही करामत अजूनही पुरती उलगडलेली नाही. दर वेळी ती ओळ आली की मी तिथेच फसते, आणि आनंदाने फसते.

शेवटाकडे तर कोलटकर अटी घालू लागतात. शहामृगाने जोवर झबलं खाल्लं नाही, तोवर क्षत्रिय गणपतीच्या पोटात बाण मारणार नाही. एडक्याने ओणव्याला मागून टक्कर दिली नाही, तर त्या ओणव्याला थडग्यावर कप फोडायची गरजच काय? एडका, ओणवा, कप, थडगं. टक्कर खाल्लेला माणूस कप का फोडेल, आणि तोही थडग्यावर का, याला काहीही कारण नाही. पण तोपर्यंत आपण या तर्काच्या इतके आहारी गेलेलो असतो की वाटतं, खरंच आहे, नाहीतर दुसरं तो करणार तरी काय! कविता तिथे संपते. तक्त्यावरची सगळी शांतता एका एडक्याच्या चांगल्या वागणुकीवर टांगून ठेवून ती निघून जाते.

माझ्या भाच्याला मी ही कविता वाचून दाखवली तेव्हा तो पहिलीत जायचा होता. त्याच्या खोलीतल्या तक्त्यात इ इमारतीचा होता आणि ओ ओठांचा, त्यामुळे इजार आणि ओणवा काय असतात ते आधी सांगावं लागलं. ओणवा म्हणजे काय ते मी उभं राहून, वाकून, पायाचे अंगठे धरून दाखवलं. त्याने कविता गप्प बसून ऐकली. संपल्यावर हसला नाही. म्हणाला, "मावशी, एडका ऐकणार नाही." मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, एडका कुणाचंच ऐकत नसतो. मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण तो माणूस वाकलाय कशाला? त्याचं काही पडलंय का?"

मी काय सांगणार? त्याचं काही पडलेलं नाही. ओ हे अक्षर पोरांना शिकवता यावं एवढ्यासाठी तो वाकून उभा आहे. जन्मभर. आणि त्याच्या मागच्याच बाजूला कुठेतरी एडका आहे.

त्या प्रश्नाने ही कविता माझ्यासाठी वेगळ्याच ठिकाणी उघडली. हा तक्ता नुसता शाळेतला नाही. त्यात भटजीला एक चौकोन आहे, क्षत्रियालाही आहे, आणि कुणीतरी वाकून उभं आहे. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि नेमणूक कायमची आहे. ही व्यवस्था आपण ओळखतो. तिच्यावर मराठीत रागाने, दुःखाने, पोटतिडकीने पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. कोलटकर वेगळं काही करतात. ते चौकोनांच्या रेघा पुसत नाहीत, त्यांच्याविरुद्ध भाषणही करत नाहीत. एका चित्राला दुसऱ्या चित्राकडे फक्त बघायला लावतात. तेवढ्याने सगळा कागद धोकादायक होतो.

कोलटकरांना 'दुर्लक्षित' म्हणावं की नाही, यावर कुणी माझ्याशी वाद घालेल. नाव मोठं आहे, मान्य. इंग्रजी 'जेजुरी'ला 1977 साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला, 'भिजकी वही'ला 2005 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, साहित्य अकादमीचा. पण नाव माहीत असणं आणि कविता घरात असणं यांत फार अंतर आहे. माझ्या ओळखीतली चांगली वाचणारी माणसं, ज्यांना बोरकर पाठ आहेत, सुरेश भट पाठ आहेत, ती कोलटकर म्हटलं की आदराने मान हलवतात आणि 'अवघड आहेत बुवा' म्हणून विषय बदलतात. जो कवी मला मराठीतला सगळ्यात खेळकर कवी वाटतो, त्याच्या वाट्याला कपाळावर आठी घालून वाचलं जाणं यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याची काही कारणं उघड आहेत. पहिला मराठी संग्रह, 'अरुण कोलटकरच्या कविता', 1977 मध्ये अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढला. नंतर जवळजवळ पंचवीस वर्षं मराठीत पुस्तक नाही. कविता लिहिल्या जात होत्या, लघुनियतकालिकांतून इकडेतिकडे येत होत्या, पण दुकानात जाऊन मागावं असं काही नव्हतं. 2003 आणि 2004 मध्ये 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण' अशी पुस्तकं लागोपाठ आली आणि सप्टेंबर 2004 मध्ये ते गेले. वाचकाने हळूहळू ओळख करून घ्यावी इतका वेळच मिळाला नाही. त्यात पुरस्कार मिळाला तो 'भिजकी वही'ला. देशोदेशींच्या, युगायुगांच्या बायकांच्या डोळ्यांतलं पाणी त्या वहीत आहे, आणि ती थोर आहेच. पण त्यामुळे कोलटकर म्हणजे ते जाडजूड, काळजाला हात घालणारं पुस्तक, असं समीकरण पक्कं झालं, आणि खोड्या काढणारा कोलटकर त्याच्या मागे झाकला गेला.

दुसरं कारण आपल्या वाचण्याच्या सवयीत आहे. मराठीत खेळकर कवितेसाठी आपण दोन कप्पे करून ठेवलेत. एक बालकवितेचा, दुसरा वात्रटिकेचा. पहिल्यातल्या कवितेकडे मोठी माणसं कौतुकाने बघतात, दुसरीला संमेलनात टाळ्या मिळतात. या दोन्हींत न बसणारी, म्हणजे मोठ्यांसाठी लिहिलेली, टाळी न मागणारी आणि तरीही खेळणारी कविता आली की आपल्याला तिचं काय करावं ते सुचत नाही. मग तिला दुर्बोध म्हणतात. वास्तविक 'तक्ता'मध्ये पहिलीच्या मुलाला न समजणारं एकही वाक्य नाही.

'जेजुरी'चंही तेच झालं. श्रद्धा की अश्रद्धा, देव की दगड, कवी आतला की बाहेरचा, यावर इतकी चर्चा झाली की पुस्तकातली गंमत त्या चर्चेखाली दबली. त्यात एका बुटक्या, अंधाऱ्या देवळातला प्रसंग आहे. पुजारी काडी पेटवतो, देवीची मूर्ती उजळते, विझते. ही कोण, असं विचारल्यावर तो सांगतो, अष्टभुजा. पाहुणा हात मोजतो. अठरा भरतात. तो तसं बोलूनही दाखवतो. पुजाऱ्याच्या लेखी ती अष्टभुजाच राहते. पाहुणा बाहेर उन्हात येतो, चारमिनार सिगारेट पेटवतो, आणि समोर वीस फुटी कासवाच्या पाठीवर पोरं खेळत असतात. एवढंच. यात कुणाची टर उडवलेली नाही. पुजाऱ्याच्या तक्त्यात तिचा चौकोन आठ हातांचा आहे, मोजणाऱ्याच्या हिशेबात अठरा, आणि पोरांना दोन्हींशी कर्तव्य नाही. मला विचाराल तर कवीचा जीव त्या पोरांत आहे.

तिथलीच आणखी एक कविता एका जुनाट दरवाजाची. एका बिजागरीवर लटकलेला, मोडकळीला आलेला दरवाजा. तो केव्हाच चालता झाला असता, पण त्याच्या खांद्यावर कुणीतरी अर्धी चड्डी वाळत घातली आहे! इतक्या शतकांच्या दरवाजाला कसली अडचण, तर कुणाची तरी चड्डी पडेल याची. दुसऱ्या एका कवितेत पुजारी बसची वाट बघतोय, आज ताटात पुरणपोळी पडेल का या विचारात, आणि शेवटी बस येते ती मांजरासारखी गुरगुरत, दातांत एक ताजा, खायला तयार यात्रेकरू धरून. आणि जेजुरी गाव व स्टेशन यांच्या मधल्या शेतात कोंबडे-कोंबड्या नाचताना दिसतात तेव्हा छापील शब्दच पानभर वरखाली उड्या मारू लागतात. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात कलादिग्दर्शक होते. अक्षर कागदावर कुठे बसतं, किती जागा घेतं, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. ते पान वाचायचं नसतं, बघायचं असतं.

मराठीतली 'मुंबईनं भिकेस लावलं' ही कविता मात्र वेगळ्या जातीची. तिच्यात भूक खरी आहे. मुंबई सोडून पायी निघालेला एक तरुण, दुष्काळाचं वर्ष, मेलेला बैल, कोपरगावात स्टॅलिन गेल्याची बातमी वाचायला मिळते म्हणजे सालही कळतं, 1953. अशा कवितेत खेळ कुठून येणार? पण येतो. नाशकात हा गडी जवळचा तुकाराम विकतो आणि त्या पैशांत खिमापाव खातो. पुढे त्याला बैलगाडीतला एक शेतकरी भेटतो. त्याला भिकाऱ्यांचा तिटकारा आहे आणि तो तुकारामाच्या ओळी सुनावतो, मात्र शेतावर पोचल्यावर पाणीही देतो. विकलेला तुकाराम असा परत भेटतो, पुस्तकातून नव्हे, आधी बोलण्यातून आणि मग पाण्यातून. कवी यावर एक शब्दही बोलत नाही. कोलटकरांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. त्यांना तुकाराम विकण्याचा अर्थ कळत नव्हता असं कोण म्हणेल? तुकोबांनीच तर आपल्या वाट्याच्या सावकारीच्या वह्या इंद्रायणीत सोडल्या होत्या. उपाशी माणसाने तुकाराम विकून पोट भरावं यावर स्वतः तुकोबा रागावले असते असं मला मुळीच वाटत नाही.

त्यांची मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीतली ती प्रसिद्ध कविताही इथे आठवते. मॅनेजरकडे पगार मागणारा, पहिल्या तारखेचा नियम ऐकून शांतपणे त्याचंच घड्याळ उचलणारा, बर्म्यात गेल्यावर 'आग' सिनेमा बघायला जाणारा आणि पासपोर्ट नाही म्हणून परत पाठवला जाणारा तो माणूस. तिच्यावर सविस्तर लिहायला हवं, पण ती वाचण्यापेक्षा मोठ्याने म्हणायची कविता आहे. एकदा म्हणून बघा.

हे सगळं आपल्याला परकं का वाटावं, हेच मला कळत नाही. 'काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचिना' हे ज्ञानदेवांच्या नावावर गायलं जाणारं कूट आपण पिढ्यान्‌पिढ्या भजनात म्हणत आलो. न वसलेल्या गावात तीन कुंभार येतात, त्यांची घडवण्याची तऱ्हाही तशीच, आणि पुढे प्रत्येक कडव्यात आधी काहीतरी असतं आणि लगेच नसतं. गाव आहे म्हणता म्हणता नाही. 'तक्ता'तला 'नाही' मला थेट तिथून आलेला वाटतो. एकनाथांच्या भारुडात वेड्या, आंधळ्या, मुक्या, महारणीच्या सोंगातून जे बोललं जातं तेही खेळातूनच. टाळमृदुंगाच्या साथीत आपल्याला ही गंमत चालते, डोळ्यांत पाणीही येतं. तीच गंमत लघुनियतकालिकाच्या पानावर आली की आपण तिचं बोट का सोडतो?

आता एक सांगते, कारण नुसती स्तुती ही काही दाद नव्हे. त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहात सकाळच्या न्याहारीवर एक लांबलचक कविता आहे. तिच्यात जगभरात या क्षणी कोण काय खातंय याची यादी येते तिथे माझं मन लागत नाही. शहरांची नावं येत राहतात, पदार्थ येत राहतात, आणि कवीला स्वतःलाच त्या यादीची मजा वाटतेय, मला नाही. पण नंतर ती कविता काळ्या घोड्याच्या चौकात उतरते, इडलीवाली बाई तिच्या प्रचंड डब्यासकट येते, चहूबाजूंनी भुकेली माणसं जमतात, आणि यादीचं रूपांतर पंगतीत होतं. त्या भागासाठी मी आधीची शंभर शहरं सहन करीन.

काळा घोडा ही जागाच पाहा. जिच्यावरून नाव पडलं ती सातव्या एडवर्डची घोड्यावरची मूर्ती 1965 मध्ये तिथून हलवली आणि राणीच्या बागेत नेली. घोडा गेला, नाव राहिलं. शेजारच्या वेसाइड इन या उपाहारगृहात बसून कोलटकर वर्षानुवर्षं त्या रिकाम्या चौकातल्या वाहतूक बेटाकडे बघत होते. तिथे कोण राहतं? ज्यांना कुठल्याच तक्त्यात चौकोन मिळालेला नाही ते सगळे. भटका कुत्रा, उंदराच्या औषधाची जाहिरात करणारा माणूस, कचरा गोळा करणाऱ्या बायका, महारोग्यांचा बँड. कोलटकर त्यांना दयेने चौकोन देत नाहीत. कुत्र्यालाच बोलू देतात, आणि तो आपली वंशावळ सांगतो. आईकडून तो थेट त्या कुत्रीपर्यंत पोचतो, जी मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरने 1864 साली मुंबईत कोल्ह्यांची शिकार सुरू करायच्या खुळापायी विलायतेहून मागवलेल्या तीस कुत्र्यांतून एकटी जिवंत उतरली. बापाकडून तर युधिष्ठिराबरोबर स्वर्गापर्यंत चालत गेलेल्या त्या कुत्र्यापर्यंत. अंगावरचे डाग म्हणजे सात बेटांच्या मुंबईचा जुना नकाशा. सकाळच्या त्या शांत तासापुरता चौक त्याचा असतो. हसता हसता लक्षात येतं की या शहरावर याच्याइतका जुना हक्क कुणाचाच नाही.

आणि तिथेच ती एक बाई आहे. कोलटकर तिला राक्षसीण म्हणतात. चेहऱ्याची एक बाजू भाजलेली, एकच डोळा, डोक्यावरचे केस आखूड कापलेले. रस्त्यावरच्या पोरांना अंघोळ घालणं हे तिचं काम. कविता तिच्या हातांकडे बघते. साबणाने निसटता झालेला एक नागडा मुलगा तिच्या हातात आहे. ती त्याला घासते, उलटासुलटा करते, पाणी ओतते, तो किंचाळतो, ती सोडत नाही. कसलाही उमाळा न आणता कवी हे इतक्या तपशिलात सांगतो की त्या भाजलेल्या चेहऱ्याची आपल्याला भीती उरत नाही, त्या हातांवर विश्वास बसतो. अंघोळ संपते. मुलगा स्वच्छ, ओला, डोळे मिचकावत उभा राहतो. समोर हॉर्न वाजवणारं सगळं जग, भोवती अंगावर आल्यासारख्या इमारती. मुलगा आपली छोटी तोफ त्या जगाच्या दिशेने धरतो, कवी मध्येच कंसात त्याला शाबासकी देतो, आणि सकाळच्या उन्हात चमकणारी एक दणदणीत कमान जगावर उडते.

भाचा अजून लहान आहे, पण ही कविता मी त्याला मराठीत सांगितली आहे. त्याला तिच्यात काहीही अवघड वाटलं नाही.